पंख्यावर एकमत

परिचारिका महाविद्यालयाच्या सांघिक कार्य मूल्यमापन समितीचा मी सचिव. विद्यार्थिनी एकमेकींशी किती जुळवून घेतात, हे आम्ही पन्नास गुणांत मोजतो. मत मांडणे, दुसरीचे मत ऐकणे, आभार मानणे, सर्वानुमते निर्णय घेणे, असे पंचवीस रकाने आहेत. रुग्णाचा रकाना नाही, कारण तो संघाचा सदस्य नसतो.

रुग्ण म्हणून दरवर्षी आमचा म्हातारा शिपाईच खाटेवर झोपतो. यंदा त्याला पाय मोडल्याचं सोंग करायचं होतं. समितीची गणसंख्या भरेना म्हणून परीक्षा तीन तास लांबली. शिपायाला मधुमेह. सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन टोचून घेतलं आणि बिचारा उपाशीच पडून राहिला. खाट सोडायला अध्यक्षांची परवानगी लागते, आणि यायचे राहिले होते ते अध्यक्षच.

अखेर अध्यक्ष आले आणि चार मुली आत आल्या. तिघी बोलक्या, चौथी अबोली. तिचं खरं नाव पटावर असेल, पण तोंड उघडत नाही म्हणून सगळे अबोलीच म्हणत. या विषयात ती दोनदा आपटली होती. यंदाही आपटली तर परिचारिका म्हणून नोंदणी नाही आणि नोंदणी नाही तर नोकरी नाही.

एवढ्यात शिपायाला दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. पाय मोडलेला माणूस "आई, दार उघड" असं बरळायला लागला.

"वा! काय अभिनय आहे!" अध्यक्ष चहा ढवळत म्हणाले.

वर्गप्रतिनिधी गंभीर झाली. "मैत्रिणींनो, आधी प्रत्येकीचं मत ऐकूया."

"मला वाटतं, यांना घाम येतोय," दुसरी म्हणाली.

"तुझ्या मताचा मला आदर आहे. आणि तुला काय वाटतं गं?"

"पंखा लावावा," तिसरी म्हणाली. "म्हणजे, कोणाची हरकत नसेल तर."

माझं पेन थांबेना. गुणांची नुसती लयलूट!

तेवढ्यात अबोली तरातरा आमच्या टेबलाशी आली. अध्यक्षांच्या हातातला चमचा चक्क काढून घेतला, साखरेची वाटी पाण्याच्या पेल्यात उपडी केली, ढवळली, आणि शिपायाला टेकून बसवत ते पाणी घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांत तो माणसांत आला. तोवर बाकी तिघींचं पंख्यावर एकमत झालं होतं.

"कोणाला विचारलंस?" अध्यक्ष कडाडले.

"सर, त्यांची साखर उतरली होती. शुद्ध जात होती."

"ते आम्हालाही दिसत होतं! पण आम्ही जागेवरून हललो का?"

अबोलीला पन्नासपैकी तीन गुण पडले. वेळेवर आल्याचे दोन आणि पेला विसळून ठेवल्याचा एक. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खरं सांगतो, मलाही कसंसंच झालं. पण सही केली.

निकालाच्या दिवशी शिपाई माझ्याकडे आला. "साहेब, पुढच्या महिन्यात बायकोचं ऑपरेशन आहे. तिच्याजवळ राहायला ती नापास पोरगी मिळेल का हो?"

"अहो, नापासांना रुग्णाला हात लावता येत नाही," मी समजावलं.

उत्तीर्ण तिघी मात्र रुजू झाल्या आहेत, तुमच्या घराजवळच्याच रुग्णालयात. कधी छातीत कळ आली तर खुशाल बेल दाबा. तिघी धावत येतील, खाटेभोवती उभ्या राहतील, एकमेकींचं शांतपणे ऐकून घेतील. फक्त एक करा, मध्ये कण्हू नका. तुम्ही संघाचे सदस्य नाही.