कंप्युटरचा ओटा

आमच्या कंप्युटरला आणखी मेमरी हवी, हा निर्णय मी एकटीने आणि तावातावाने घेतला. (मी बहुतेक निर्णय असेच घेते. वेळ वाचतो.) दुसऱ्या दिवशी त्याच कंप्युटरवर माझा इंटरव्ह्यू होता. ज्या कंपनीने तो आम्हाला विकला, तिच्याच हेल्पलाइनवर नोकरी! आणि व्हिडिओ तपासायला घेतला, तर पडद्यावरचा माझा चेहरा तोंड उघडं ठेवूनच गोठला.

"राहू दे असाच," बाबा म्हणाले. "घरात किती शांत वाटतंय."

"बाबा, रॅम कमी आहे! आजच्या आज आणायला हवी."

"मागे ती हार्ड डिस्क नवी बसवली ना? लगेच भरली?"

"ती वेगळी! तुम्हाला कितीदा सांगायचं?" (एकदाही सांगितलं नव्हतं.)

शेवटी दारात लसूण सोलत उभ्या असलेल्या आईलाही कळेल अशा भाषेत सांगितलं, "हार्ड डिस्क म्हणजे माळा. सगळं सामान तिथे. रॅम म्हणजे ओटा. काम चालतं ओट्यावर. ओटा लहान पडतोय, म्हणून काम रखडतंय. आता कळलं?"

"कळलं," आई म्हणाली. "मग आधी बघ की, ओट्यावर पसारा कुणाचा आहे."

"बाबांचा! आणखी कुणाचा?"

कोण किती मेमरी खातंय, त्याची यादी मी पडद्यावर थाटात उघडून दाखवली. बाबांचा पत्त्यांचा डाव तळाशी अंग चोरून बसला होता. वर ऐसपैस पसरला होता माझा ब्राउझर. अर्धवट वाचलेले लेख, न घेतलेले बूट, पहिल्याच धड्यावर सोडलेले कोर्स आणि 'वडीलधाऱ्यांशी शांतपणे कसं बोलावं' यावरची बरीच पानं.

"तुझं काही बंद करायची माझी काय बिशाद!" बाबा म्हणाले. "कंप्युटर रखडला की मी आपला माझाच डाव मिटवून बघायचो."

एकेक पान बंद करताना जीव तुटला, पण कंप्युटर असा सुटला की विचारू नका! इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न आला, "ग्राहक म्हणतो, कंप्युटर रखडतोय, मेमरी वाढवून द्या. काय कराल?"

"आधी ओट्यावरचा पसारा बघीन," तोंडातून निसटलं.

साहेब खो खो हसले. नोकरी मिळाली! मी आईला लसणासकट गरगर फिरवलं.

नोकरीचा पहिला दिवस, पहिला फोन. शेजारी सुपरवायझर मॅडम उभ्या, आणि कॉल रेकॉर्ड होत होता.

"नमस्कार! बोला, काय अडचण आहे?"

"मॅडम, कंप्युटर पुन्हा रखडतोय," आवाज चांगलाच ओळखीचा होता. "मुलगी पसारा तसाच टाकून ऑफिसला गेलीय. पण आधी मला एक सांगा, ही रॅम आणि हार्ड डिस्क, यांत नक्की फरक काय?"

मी दात ओठ खाल्ले. मॅडम माझ्याकडेच बघत होत्या.

"सांगते हं, सर. अगदी सावकाश सांगते."

सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं.

"वा! काय गोड बोलता हो तुम्ही," बाबा तृप्त आवाजात म्हणाले. "उद्या परत फोन करतो. आमच्या घरी हे सुख नाही."