धोतर फाडणारं कुंपण

गणपतरावांचं एकही धोतर धड नव्हतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. काटेरी तार पक्की ताणली आहे की नाही, हे ते धोतराचा सोगा तिच्यावर टाकून पाहत. सोगा टर्रकन फाटला की तार पास. नुसता सुटून आला की मजुरांवर ओरडत, "हे तार हाय का सुतळी गा?"

लढाईचे दिवस होते. नागपूर स्टेशनच्या पलीकडे फौजेचा पेट्रोल डेपो होता. मी तिथे कारकून, गणपतराव कुंपणाचे जमादार. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, आता पुढचा नंबर आपल्या डेपोचा, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. कलकत्ता सोडून ते इथे कशाला येतील, असं मी विचारलं.

"कलकत्त्याले असं कुंपण हाय का?" ते म्हणाले.

आमच्या हेडक्लार्कच्या मुलीचं इतवारीत लग्न होतं. सगळे अक्षता घेऊन बसलेले आणि गणपतराव मंडपाचे खांब हलवून पाहतायत! एका खांबाने मान टाकली. अर्धा मंडप वऱ्हाडाच्या डोक्यावर उतरला. "म्या म्हणलंच होतं," त्यांनी वर सुनावलं, "अशात कोणीबी आत शिरलं असतं."

मग सिव्हिल लाइन्समधून नवा गोरा साहेब तपासणीला आला. लेखी परवान्याशिवाय कोणालाही आत सोडू नये, हा हुकूम त्याच्याच सहीचा. गणपतरावांनी फाटक उघडलं नाही.

"साहेब, पास?"

साहेब टमाट्यासारखा लाल झाला. मी धावत गेलो. "अहो, पास देणारे हेच!"

"तं मंग देऊ दे ना. त्याईले कोणं रोकलं?"

अखेर साहेबाने मोटारीच्या टपावर कागद ठेवून स्वतःच स्वतःला परवानगी दिली. गणपतरावांनी सही उन्हात धरून निरखली, मगच कुलूप काढलं. साम्राज्य वाचलं. चोख बंदोबस्ताची शाबासकी रीतीप्रमाणे हेडक्लार्कला मिळाली.

त्या हिवाळ्यात गणपतराव तापाने पडले. चौकशीला मी महाल भागात त्यांच्या खोलीवर गेलो. दार सताड उघडं, आत घोंगडी पांघरून ते एकटेच.

"गणपतराव, पेट्रोलला एवढी तार अन् घराला साधी कडी नाही?"

"कडी लावून कोणाले अडवू गा?" ते म्हणाले. "बायको गेली तवापासून कोणी येऊनच नाही राहिलं. दार उघडं असलं का जाणाऱ्याची नजर तरी पडते. एखादा इचारते, बरं हाय का म्हणून."

मी त्यांची घोंगडी सारखी केली. तेच म्हणाले, "डेपोचं कसं चाललं हाय?"

"उत्तम," मी म्हणालो. "काळजीच करू नका."

त्यांचा चेहरा उतरला. मला माझ्या अकलेची कीव आली.

"म्हणजे तसं उत्तम," मी घाईने म्हणालो, "पण उत्तरेकडची तार पार लोंबली आहे. कोणाला जमत नाहीये."

गणपतराव उठून बसले. "कोणाले हात लावू देऊ नको! म्या येतो." मग पाणी मागितलं आणि गटागटा प्यायले.

उत्तरेकडची तार खणखणीत होती.

निघताना दार ओढून घ्यायला माझा हात पुढे झाला. मी तो मागे घेतला.