मी घरात नाही

करंदीकर भर व्हरांड्यात, खुर्चीत पाय पसरून बसलेले असायचे आणि आपण "काय, चहा झाला का?" असं विचारलं की गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "वहिनी, मी घरात नाही."

महिन्यातला एक रविवार हा असा. चंडीगडात युनिव्हर्सिटीच्या क्वार्टर्समध्ये आमची बिऱ्हाडं शेजारी शेजारी. हा माणूस मूळचा साताऱ्याचा, काम शेतातल्या मातीचे नमुने तपासण्याचं. बायको आजारपणात गेलेली. घरात दहा वर्षांची मीनू आणि तिच्याहून बराच लहान बंटी. त्या रविवारी घरखर्चाचा डबा मीनूच्या ताब्यात. भाजी, रेशन, बंटीची फी, सगळं तिनं बघायचं. दूधवाले सरदारजी पैसे मागायला आले की करंदीकर स्वतःच सांगायचे, "साहब घर में नहीं हैं जी." सरदारजी बिचारे डोकं खाजवत मीनूला हाक मारायचे.

एकदा पोरीनं आठवड्याच्या भाजीचे सगळे पैसे आंब्यांवर उडवले. मग आठवडाभर तिघंही नुसते बटाटे खात होती. मला राहवेना, मी वांग्याची भाजी घेऊन गेले, तर म्हणाले, "परत न्या. पोरीला व्यवहार कळला पाहिजे." आता सांगा, याला बाप म्हणायचं की सावकार!

एका रविवारी दूध उतू गेलं, करपल्याचा वास व्हरांड्यापर्यंत आला. हे खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेले. मी ओरडले, "अहो, उठा की!"

"उद्या मी खरंच नसलो तर कोण उठणार, वहिनी?"

 दर मंगळवारी ते नमुने आणायला बसनं पंजाबात आत जायचे. त्या दिवसांत अतिरेकी बस थांबवून माणसं उतरवत आणि गोळ्या घालत. संध्याकाळी घराघरांत बातम्या लागायच्या, पण त्यावर मुलांसमोर कुणी बोलायचं नाही.

अशाच एका मंगळवारी बातमी आली ती त्यांच्याच रस्त्यावरच्या बसची. कर्फ्यू लागला. करंदीकर आले नाहीत. मी पोरांना आमच्याकडं न्यायला गेले, तर मीनू म्हणाली, "काकू, हम यहीं रहेंगे. आटा, दूध, सब है." बंटीला भरवलं, झोपवलं, कड्या लावल्या. डोळ्यांत टिपूस नाही. जीव टांगणीला लागला होता तो माझा. मी तिथंच थांबले.

सकाळी करंदीकर आले, कुठल्याशा ट्रकमधून, धुळीनं माखलेले. त्यांची बस मागंच अडवून ठेवली होती. मीनूनं दार उघडलं आणि ताठ उभी राहून सांगायला लागली, "ब्रेड लिया, दूध डबल लिया. आजी को तार भेजने के पैसे अलग रखे हैं."

"तार कसली गं?"

"आपने ही तो बोला था, बाबा. आप नहीं आए तो."

करंदीकर उंबऱ्यातच मटकन बसले. पोर एवढी तयार झाली, तिला शाबासकी द्यायची सोडून माणूस हमसून हमसून रडायला लागला. तेव्हा कुठं मीनूला रडू फुटलं. त्यांचा शर्ट मुठीत धरून ती एवढंच म्हणत होती, "आप घर में रहो ना, बाबा."

कर्फ्यू थोडा वेळ उठला होता. फाटकाशी सरदारजींची सायकल वाजली. त्यांनी सवयीनं हाक मारली, "मीनू बेटा!"

मीनू डोळे पुसत उठायला लागली. करंदीकरांनी तिला मांडीवर घट्ट धरून ठेवलं आणि रडत्या आवाजातच ओरडले, "साहब घर में हैं जी!"