दाजींच्या पोटावरचं लोकमत

माणसाचा गुडघा ही त्याची खासगी मालमत्ता आहे. पोट मात्र सार्वजनिक जागा आहे. गुडघा दुखतो म्हटलं की लोक "अरेरे" म्हणतात आणि आपल्या वाटेनं जातात. पोट फुगतं म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. हा नियम कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही, म्हणूनच तो इतका काटेकोर पाळला जातो.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, सरकारी लिफ्ट-निरीक्षक आहेत. कुठली लिफ्ट माणसं वाहायला लायक आहे आणि कुठली नाही, हे ते ठरवतात. स्वभावानं अबोल. (त्यांच्या खात्यात हा गुण समजला जातो. निरीक्षक बोलू लागला की बिल्डरला धाप लागते.)

तर या दाजींचं पोट जेवणानंतर फुगायला लागलं. सकाळी पट्टा नेहमीच्या भोकात, दुपारी सैल, संध्याकाळी खिशात. शिवाय गुडगुड. एकदा तपासणीच्या वेळी बंद लिफ्टमध्ये ती अशी घुमली की बरोबरच्या मेकॅनिकनं छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, वर तेल लागेल." आवाज आपल्या पोटाचा आहे हे सांगायला दाजी संकोचले. एका निर्दोष लिफ्टला तेल मिळालं.

छातीत जळजळ होते म्हणून दाजी कित्येक वर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेत होते. ती त्यांना ऑफिसातल्या कॅशियरनं दिली होती. कॅशियरला ती डॉक्टरांनी दिली होती. म्हणजे गोळी डॉक्टरांच्याच सल्ल्यानं चालू होती. रुग्ण तेवढा वेगळा होता.

आता पोटाची बातमी फुटली आणि शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी प्रकरण हाती घेतलं. त्यांनी आयुष्यभर मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचं काही वाचू दिलं नव्हतं. निवृत्तीनंतर ते स्वतः फक्त मोबाईल वाचत. ते म्हणाले, "निदान सोपं आहे. तुमच्या पोटात चांगले जंतू कमी पडलेत. भरती काढा."

दाजींनी भरती काढली. सकाळी जिवंत जंतूंची बाटली, दुपारी आंबवलेल्या कोबीचं पाणी, रात्री अब्जावधी जंतूंची हमी देणारी कॅप्सूल. (जंतू मोजले कुणी, हे डब्यावर नव्हतं, पण अब्जांच्या बाबतीत माणूस भांडत नाही.) पोट आणखी फुगलं. मुख्याध्यापक खूश झाले. "बघा, कामाला लागलेत!"

पोट वाढत होतं तसे बाकीचे दाजी कमी होत होते. गाल बसले, मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरू लागलं. लोकांनी मनापासून अभिनंदन केलं. ऑफिसातल्या तिघांनी तर डाएट विचारून घेतलं. जेवल्यावर दोनदा धावावं लागतं, एवढाच भाग दाजींनी त्यात सांगितला नाही.

एके दिवशी ते घरी आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी खालच्या जिन्यात सापडली. ताईनं विचारलं, "पायातनं चप्पल गेली ती कळली नाही तुम्हाला?"

"घाईत होतो गं."

ताईनं त्यांना खुर्चीत बसवलं, पाय पुसला आणि अंगठा चिमटीत धरला. "आता कळतंय?"

"हो" म्हणण्याआधी दाजींनी खाली वाकून बघितलं. ताई उठली. आत जाऊन तिनं घरातले सगळे डबे, बाटल्या आणि पुड्या एका पिशवीत भरल्या, आणि सकाळी दाजींना आणि पिशवीला घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. पिशवी टेबलावर रिकामी झाली तेव्हा त्यांनी आपला कागद उचलून मांडीवर घेतला, कारण टेबलावर जागा उरली नाही.

"लहान आतड्यात जंतू थोडेच असायला हवेत," त्या म्हणाल्या. "गर्दी असते ती मोठ्या आतड्यात, आणि तिथं ती कामाची असते. तुमच्याकडे बहुतेक ती लहान आतड्यात वाढली आहे. तुम्ही जेवता, पण तुमच्या आधी तेच जेवून घेतात. गॅस तुम्हाला, बी-ट्वेल्व्ह त्यांना. पाय बधिर होतात ते त्यामुळेच असणार."

"पण गर्दी झाली कशी?" ताईनं विचारलं.

"कारणं बरीच असतात, तपासू. पण पोटातलं आम्ल हा दारावरचा पहारेकरी. त्याला रोज सकाळी गोळी देऊन झोपवायला कुणी सांगितलं होतं?"

"कॅशियरनं," दाजी म्हणाले. आपल्या उत्तरात काही चूक आहे, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

तपासणी श्वासाची होती. उपाशीपोटी साखरेचं पाणी प्यायचं आणि थोड्या थोड्या वेळानं नळीत फुंकायचं. जंतूंनी साखर खाल्ली की त्यांचा वायू श्वासात उतरतो. मुख्याध्यापक मुद्दाम हजर राहिले. "तोंडातल्या वाफेवरून आतडं कळतं, यावर माझा विश्वास नाही," असं त्यांनी कोबीच्या पाण्याची बाटली हातात धरून सांगितलं.

निदान पक्कं झालं. उपचार निराशाजनक होते: जंतू कमी करणारी एक गोळी ठरलेले दिवस, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं, जळजळीची गोळी देखरेखीखाली बंद, दोन जेवणांमध्ये अंतर, कांदा-लसूण काही काळ बाजूला आणि मग हळूहळू परत. पिशवीतलं सगळं घरी नेऊन टाकून द्यायचं. "आणि हे पुन्हा होऊ शकतं," बाई म्हणाल्या. "झालं तर इथं या. दुसरीकडे कुठं नको."

"एवढंच?" असं सगळ्या इमारतीनं विचारलं.

दाजी बरे झाले. पायांना फरशीचा गारवा कळू लागला तेव्हा ते सकाळभर अनवाणी फिरले. ताई मागून पुसायचं फडकं घेऊन हिंडत होती आणि ओरडत नव्हती. मुख्याध्यापकांच्या मते हे यश उशिरा लागू पडलेल्या कोबीचं होतं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण दाजी बोलायला लागले. ज्याचं पोट सुधारतं त्याला अधिकार प्राप्त होतो, आणि तो वापरला नाही तर वाया जातो. ते लिफ्टमध्ये बोलू लागले, जिन्यात बोलू लागले. बिल्डरांना धाप लागली. आणि ऑफिसात त्यांनी कॅशियरचा ड्रॉवर उघडून गोळ्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. "पहारेकरी झोपवतोस? आजपासून बंद!" कॅशियरनं साहेबांचा मान राखला.

पुढच्याच महिन्यात कॅशियरला रक्ताची उलटी झाली.

वाचला. दाजी हॉस्पिटलात त्याच्या खाटेशेजारी बराच वेळ स्टुलावर बसून होते.

"साहेब, मला अल्सर आहे. ती गोळी मला त्यासाठी होती," कॅशियर हळूच म्हणाला.

"मग सांगायचं नाही का रे?"

"तुम्ही विचारलं कुठं? आणि मी तरी तुम्हाला देताना कुठं काही विचारलं होतं?"

दाजींनी त्याची चादर सरळ केली. ती सरळच होती.

ही हकिकत मी बऱ्याच जणांना सांगितली. त्यांनी हळहळ व्यक्त केली, मान हलवली, लोक किती अडाणी असतात यावर एकमत झालं, आणि उठता उठता प्रत्येकानं विचारलं, "ते असू दे. बाईंनी दाजींना गोळी कुठली दिली, तेवढं सांग." म्हणून लिहिताना मी गोळीचं नाव गाळलं आहे. तुम्ही सुज्ञ आहात, तुम्ही असलं काही विचारणार नाही. तुम्ही ते नाव मघाशीच वरच्या ओळींत शोधून आलात.