म्हात्र्यांचं दुसरं तिकीट

ज्याच्याकडे साधी सायकलसुद्धा नव्हती असा एक माणूस दर रविवारी सकाळी रामवाडीजवळच्या हायवेवरच्या पेट्रोल पंपावर उभा असायचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चपला, वरच्या खिशात पाकीट. गाडी आली की हा खिडकीशी वाकायचा आणि विचारायचा, "भाऊ, रोख देणार ना? मग ते मला द्या. पेट्रोल माझ्या कार्डावर." निम्मे लोक काच वर करायचे. एका मुंबईवाल्याने तर भिकारी समजून त्याच्या हातावर आठ आणे ठेवले. त्याने ते परत केले आणि क्रेडिट कार्ड म्हणजे काय ते त्या गृहस्थाला पहिल्यापासून समजावून सांगितलं. मागे ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून पंप डोक्यावर घेतला होता.

हे काशिनाथ म्हात्रे. रोह्याला आमच्या रंगाच्या कंपनीत स्टोअरकीपर. मी तिथेच लॅबोरेटरीत होतो. दोघंही पेणचे, त्यामुळे पहाटेच्या कंपनीच्या बसमध्ये आमची सीट ठरलेली. वडखळ, नागोठणे, रोहा. एवढ्या वाटेत माणसाचं सगळं आयुष्य कळतं असं मला वाटायचं. म्हात्र्यांच्या बाबतीत मी साफ चुकलो.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे क्रेडिट कार्ड कुणी पाहिलेलं नव्हतं. एकदा बँकेचा माणूस टाय लावून आमच्या कॅन्टीनमध्ये आला आणि फॉर्म वाटून गेला. सगळ्यांनी त्या फॉर्मवर भजी खाल्ली. म्हात्र्यांनी भरला. महिन्याभरात त्यांचं कार्ड आलं आणि त्याच्याबरोबर एक पातळ पुस्तिका आली. कार्डावर खरेदी केली की पॉइंट मिळतात, पॉइंट साठले की त्यांच्या बदल्यात वस्तू मिळतात, असं तिच्यात लिहिलं होतं. म्हात्र्यांनी तिला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं आणि ती पाठ केली.

पण पेणात कार्ड घेणार कोण? वाणी घेईना, कापडवाला घेईना. केस कापणाऱ्याने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि "छान हाय" म्हणून परत दिलं. घेणारा फक्त तो पंप. तिथे एक यंत्र होतं. कार्डावर कार्बनची पावती ठेवायची आणि वरून दांडा खटाक् करून इकडून तिकडे ओढायचा. तो खटका ऐकताना म्हात्रे डोळे मिटून घ्यायचे.

कंपनीत कुणी काही विकत घेणार असं कानावर आलं की म्हात्रे त्याच्या टेबलाशी हजर. "थांबा. माझ्या कार्डावर घेऊ. तुमी मला रोख द्या. तुमचं काय जात नाय, माझं पॉइंट होतात." लॅबमधल्या मोकलच्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा बस्त्याला पनवेलला घरच्या बायकांबरोबर म्हात्रेही गेले. सबंध दिवस साड्यांच्या ढिगात मांडी घालून बसले. आणि शेवटी दुकानदाराशी त्यांनी अशी काही घासाघीस केली की बिल बरंच खाली आलं. मोकल मला नंतर म्हणाला, "अहो, बिल उतरलं की ह्यांचेच पॉइंट उतरतात!" मी म्हात्र्यांना विचारलं. ते म्हणाले, "ते खरं. पण लोकांच्या पोरीचं लगीन हाय. पॉइंट पॉइंटाच्या जागी."

बाकी पॉइंटांच्या बाबतीत त्यांना दयामाया नव्हती. पुस्तिकेत मिक्सर होता, सुटकेस होती, भिंतीवरचं घड्याळ होतं. अकाउंट्समधल्या एकाकडे पुढे कार्ड आलं आणि त्याने पॉइंट देऊन मिक्सर घेतला, तर म्हात्रे आठवडाभर हळहळत होते. "माती केली. पॉइंटांची माती केली. मिक्सर काय, बाजारात मिळतो. पॉइंटाचं चीज विमानात होतं." मग ते पुस्तिका उघडून समजवायचे. गोव्याच्या तिकिटाला जेवढे पॉइंट लागतात, तेवढ्यातच दिल्लीचंही मिळतं. मग गोव्याला जाईल तो वेडा. आणि त्याच्याहून चांगली योजना शेवटच्या पानावर होती. तिच्यात एका तिकिटावर जोडीदाराचं दुसरं तिकीट फुकट.

"एकाच्या पॉइंटात दोघं!" ते बोट टेकवून म्हणायचे. "देवधर, ह्याच्याहून चीज नाय."

"पण म्हात्रे," मी एकदा म्हणालो, "तुम्ही तर एकटे."

त्यांनी पुस्तिका मिटली आणि खिडकीबाहेर बघत बसले. आम्ही सगळे त्यांना बिनलग्नाचे धरून चाललो होतो. त्यांनी तसं कधी सांगितलं नव्हतं, हे मला त्या दिवशी लक्षात आलं.

तीन वर्षांनी, जुलैच्या एका सकाळी, बसमध्ये त्यांनी माझ्या मांडीवर एक फॉर्म ठेवला. पॉइंट पुरे झाले होते. ऑगस्टच्या अखेरीपर्यंत फॉर्म बँकेत पोचला नाही तर सगळे रद्द होणार होते. फॉर्म त्यांच्या सुवाच्य अक्षरात भरलेला होता. जोडीदाराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सौ. हिरा काशिनाथ म्हात्रे, नाते पत्नी.' त्यापुढची सहीची जागा कोरी होती.

"जोह्याला असते," ते म्हणाले. "माहेरी. भावाचा गणपतीचा कारखाना हाय. तिथं आखणी करते." आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. कारखान्यातलं सगळ्यात नाजूक काम. "रविवारी तुमी येता का संगं? मला एकट्याला जमायचं नाय."

पेणहून जोहे गावाला जाणाऱ्या एसटीत त्यांनी मला उरलेलं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी हिराबाईंची आई आजारी पडली म्हणून त्या माहेरी गेल्या. आई गेली. तेराव्याला म्हात्रे जाऊन आले. भांडण नाही, तंटा नाही. मूलबाळ नव्हतं, पण त्यावरूनही कधी काही नाही. म्हात्र्यांना वाटलं, दुःख ओसरलं की येईल. अर्ध्या तासाची तर वाट.

"मग तुम्ही आणायला का नाही गेलात?"

"पयल्या महिन्यात गेलो असतो तर चाललं असतं," ते म्हणाले. "मग सहा महिने झाले. मग वर्स. मग मोकळ्या हातानं कसं जायचं? म्हटलं, कायतरी मोठं घेऊन जावं."

खाडीकाठच्या मिठागरावर राबणाऱ्या बापाचा हा मुलगा. मोठं काय असतं याचा विचार करत इतकी वर्षं बसला होता, आणि मग कॅन्टीनमध्ये तो टायवाला आला.

कारखान्यात जमिनीपासून छपरापर्यंत पांढरे, बिनरंगाचे गणपती होते. त्यांच्यातून अंग चोरत आम्ही आत गेलो. मागच्या उजेडाच्या दारापाशी चष्मा लावलेली, सडपातळ, पन्नाशीकडे झुकलेली बाई पाटावर बसली होती. हातात केसाएवढं टोक असलेला ब्रश. मूर्तीचा एक डोळा झाला होता, दुसरा चालू होता. त्यांनी मान वर केली नाही. डोळा अर्धा सोडता येत नाही. आम्ही उभे राहिलो. डोळा पुरा झाला, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोण मेलं काय?"

"नाय," म्हात्रे म्हणाले.

"मग?"

म्हात्र्यांनी फॉर्म काढला आणि सांगायला लागले. कार्ड, पंप, खटका, पॉइंट, मोकलच्या बहिणीचं लग्न, दिल्ली. माझ्यासमोर शंभर वेळा घडाघडा म्हटलेलं सगळं आज अडखळत होतं. हिराबाईंनी मधे तोडलं नाही.

"दिल्लीला कोण हाय आपलं?"

"कोण नाय. पण लांब हाय. गोव्याला पण तेवढेच पॉइंट जातात, दिल्लीला चीज होतं."

"आनि माझी सही कशाला?"

"जोडीदार म्हणून नवरा-बायकोच चालतात. नियम हाय."

"म्हंजे नियम नसता तर दुसरं कोन पन चाललं असतं."

"नाय गो, तसं नाय..."

हिराबाईंनी ब्रश पाण्यात बुडवला आणि फडक्याला पुसला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"आईच्या तेराव्याला आलात. मी पिशवी भरून दाराआड ठेवली होती. तुमी जेवलात, भावाला रामराम केलात, गेलात. मला वाटलं, दोन दिवसांनी न्यायला येतील. मग वाटलं, गणपती झाल्यावर येतील. पिशवीतलं लुगडं जुनं झालं तवा बाहेर काडलं." त्यांनी पुढची मूर्ती पाटासमोर ओढली. "आज आलात ते इमानात बसवायला. न्यायला नाय आलात."

म्हात्र्यांनी हातातल्या फॉर्मची घडी केली, मग त्या घडीची घडी केली, आणि खिशात ठेवली. हिराबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी पावणे. चा घेऊन जावा."

परत येऊन पेणच्या स्टँडवर उतरल्यावर म्हात्रे म्हणाले, "पिशवी भरून ठेवली होती, म्हणली."

"हो."

"मला कुनी सांगितलं नाय, देवधर."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम पंपावर डोकावलो. म्हात्रे नव्हते. पंपावरच्या पोऱ्यानेही विचारलं, "आमचे कार्डवाले काका आजारी हायत का?" सोमवारी बसमध्ये कळलं की ते जोह्याला गेले होते. मेहुण्याने काही न बोलता त्यांच्या हातात पॉलिश पेपर दिला होता आणि मूर्तींच्या पाठी घासायला बसवलं होतं. संध्याकाळपर्यंत घासल्या. हिराबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. तिसऱ्या सोमवारी म्हात्रे बसमध्ये चढले तेच चेहरा उजळून. मी विचारायच्या आत म्हणाले, "काल बोलली."

"काय?"

"म्हणली, हात हलका ठेवा. कान तुटंल."

हे त्यांनी मला नागोठण्यापर्यंत तीनदा सांगितलं.

ऑगस्ट संपत आला. मला राहवेना. तीन वर्षं हा माणूस उन्हापावसात पंपावर उभा राहिला होता, लोकांची बोलणी खाल्ली होती. मी स्टोअरमध्ये जाऊन म्हणालो, "म्हात्रे, आता तर बोलतात ना? फॉर्मवर सही घ्या. आज-उद्या टपालात पडला नाही तर सगळं जाईल. प्रवास नंतर करा, हवं तर."

म्हात्रे गोणपाटं मोजत होते. मोजणं थांबवून ते माझ्याकडे वळले.

"आता सही मागितली तर ती म्हणंल, हा त्याच्यासाठीच येतोय."

"अहो, पण ते तसं नाही हे..."

"तुमाला म्हाईत, मला म्हाईत. तिला कसं म्हाईत होनार?" त्यांनी घसरलेलं एक गोणपाट नीट लावलं. "एकदा तिनं वाट बघितली आनि मला कळलं नाय. आता तिला वाटायला नको की मी दुसऱ्या कशाची वाट बघतोय."

आणि ते पुन्हा गोणपाटं मोजायला लागले. महिना संपला. बँकेचं पत्र आलं, त्यात पॉइंटांच्या पुढे शून्य होतं. ते पत्र त्यांनी मला दाखवलं नाही; मला त्यांच्या ड्रॉवरमध्ये पावतीपुस्तक शोधताना दिसलं. मी ड्रॉवर तसाच लावून घेतला. खरं सांगायचं तर त्या पत्राने जेवढं वाईट मला वाटलं, तेवढं त्यांना वाटलेलं दिसलं नाही.

त्या वर्षी गणपती सप्टेंबरात होते. चतुर्थीच्या आधी म्हात्र्यांनी आठ दिवस रजा टाकली. एवढी रजा त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच घेतली. जोह्याच्या रस्त्यावर टेम्पोंची रांग लागलेली, आणि आमचे स्टोअरकीपर मूर्तींच्या भोवती पेंढा भरून देत होते, असं मोकल पाहून आला. विसर्जनं झाली. कारखाने रिकामे झाले. शनिवारी बसमधून उतरताना म्हात्र्यांनी मला विचारलं, "उद्या जोह्याला जाणार. काय नेऊ?"

"काही नको," मी म्हणालो. "नुसते जा."

रविवारी दुपारी मी पेणच्या स्टँडसमोर भाजी घेत होतो. जोह्याची गाडी आली. म्हात्रे उतरले, त्यांच्या खांद्यावर पत्र्याची ट्रंक होती. मागून हिराबाई उतरल्या; हातात ब्रशांचा डबा, तो त्यांनी कुणाच्या हातात दिला नव्हता. मला पाहून त्या किंचित हसल्या. आम्ही तिघं म्हात्र्यांच्या घराकडे, रामवाडीच्या दिशेने चालायला लागलो. वाण्याच्या दुकानापाशी हिराबाई थांबल्या.

"घरात साखर हाय?"

म्हात्रे विचारात पडले. "नाय."

"चा कसा घेता मग?"

"एकट्याला कशाला लागते," ते म्हणाले. "तसाच घेतो."

हिराबाई त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिल्या आणि दुकानाच्या पायऱ्या चढून आत गेल्या. आत गर्दी होती. वाणी एकेकाला पुड्या बांधून देत होता. म्हात्रे पायरीशी ट्रंक खांद्यावर तशीच घेऊन उभे होते. ऊन होतं, मानेवरून घाम ओघळत होता.

"खाली ठेवा ना ती," मी म्हणालो. "वेळ लागेल त्यांना."

त्यांनी दुकानाच्या दाराकडे पाहिलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "येईलच ती आता."