मागचे फाटक आणि पुढची रांग

गावात दवाखाना चालत नाही याचा अर्थ गावात आजार नाहीत असा होत नाही. गावाला शिस्त नाही, एवढाच होतो. हे निदान मेट्रनबाईंचे होते, आणि त्यांचे निदान चुकल्याचे आजवर कोणी त्यांच्या तोंडावर सांगितलेले नव्हते. मोठ्या इस्पितळातल्या परिचारिकांवर त्यांनी सारा जन्म हुकमत गाजवली. निवृत्तीनंतर मुलाची बदली या गावच्या शाळेवर झाली, तेव्हा मुला-सुनेच्या पाठोपाठ त्याही आपली पेटी घेऊन आल्या. सून डॉक्टर. शहरातली नोकरी सोडून तिने घराच्या पुढल्या खोलीत दवाखाना मांडला होता. परंतु पाटी लागल्यापासून त्या खोलीत कुरकुरत होता तो केवळ पंखा.

"आई, जुन्या इस्पितळानं परत बोलावलंय," सून दुपारी पानावर बसता बसता म्हणाली. "उद्या कळवायचंय. मी हो म्हणणार आहे. सुट्टीला येत जाईन."

"म्हणजे नवरा इथे, तू तिथे, आणि मी बसच्या थांब्यावर? काही कळवू नकोस. आज संध्याकाळी दारात रांग लावून दाखवते."

"रांग कुठून आणणार?"

"शिस्त आली की तिच्यामागून रांग येतेच. भाजी घे."

बेशिस्तीचे मूळ त्यांनी केव्हाच हेरले होते. घर कैक वर्षे रिकामे पडलेले. मागच्या कुंपणाला भले मोठे खिंडार. गावाच्या गाई चरून परतताना त्या खिंडारातून आत शिरत, परसातून सावकाश चालत पलीकडच्या बोळातल्या गोठ्यांकडे जात आणि जाता जाता आपली आठवण ठेवून जात. दवाखान्याच्या परसात शेण! त्यांनी जेवण होताच सुताराला बोलावून खिंडारात फाटक बसवून घेतले.

"बाई, गाई दुसरी वाट ओळखत नाहीत," सुतार बिजागरी ठोकता ठोकता म्हणाला.

"ओळखतील. वॉर्डातून गाय गेलेली तुम्ही कधी पाहिलीत का?"

"मी वॉर्डच पाहिला नाही, बाई."

"मग बोलू नका."

फाटकाला कुलूप बसले. किल्ली मेट्रनबाईंच्या कमरेला गेली, आणि तिथे गेलेली वस्तू सहसा परत येत नसे.

दिवस कलला आणि मागच्या बाजूने हंबरणे सुरू झाले. मेट्रनबाईंनी लक्ष दिले नाही. शिस्त लावली की सुरुवातीला ओरडा होतोच; नव्या परिचारिकाही अशाच हंबरत. इतक्यात पुढल्या दारात पागोटे सावरीत एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले. कळपाच्या पुढे चालणारी म्हातारी गाय यांची. सारे गाव त्यांना तात्या म्हणे.

"बाई, जरा ते—"

"बसा. आ करा."

निवृत्तीच्या निरोपसमारंभात मेट्रनबाईंना पेटीभर थर्मामीटर भेट मिळाले होते. त्यांतला एक तात्यांच्या जिभेखाली गेला.

"आता बोलायचं नाही. फुटला तर काच तोंडात जाईल."

 तात्यांनी घाबरून हाताने मागे, परसाकडे दाखवले.

"पाठ दुखते. अजून?"

तात्यांनी दोन बोटे कपाळावर शिंगांसारखी धरली.

"डोकंही. सूनबाई, पाठ आणि डोकं!"

त्यांच्यामागून दूध नेणारा टेंपोवाला आला. गाई फाटकाबाहेरच्या वाटेवर अडकल्या होत्या आणि गाईंच्या मागे त्याचा टेंपो. त्याच्या तोंडात दुसरा थर्मामीटर गेला. त्याने दोन्ही हातांनी चाक फिरवून दाखवले. बाईंनी "हात थरथरतात" असा शेरा मारला. मग शिंपीणबाई आली. तिच्या गाईची धार काढायची वेळ टळत होती, म्हणून तिने मुठी उघडझाप करून दाखवल्या. "बोटं आखडतात," बाई म्हणाल्या. "शिवणकाम करता ना? वाटलंच."

बाकावर जागा उरली नाही तेव्हा रांग ओटीवर आणि ओटीवरून रस्त्यावर गेली.

"हे काय चाललंय?" मागच्यांनी विचारले.

"तपासून घेतल्याशिवाय फाटक उघडत नाहीत म्हणे."

"मग घ्या की बाबांनो लवकर. गाई ताटकळल्यात."

एकदोघे तर गाय नसतानाही रांगेत उभे राहिले. सारे गाव उभे आहे म्हटल्यावर आपणच मागे का राहावे?

आत सुनेचा ऊर आनंदाने भरून आला होता. तात्यांचा थर्मामीटर काढताच ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, मी आपला गाईसाठी—"

"आधी रक्तदाब." तिने पट्टा आवळला, आकडा पाहिला, पुन्हा आवळला. मग स्वर उतरवून म्हणाली, "तात्या, चक्कर येते का?"

तात्या गाय विसरले. 

"येते. घरात बोललो नाही. कळलं तर म्हातारी मला रानात जाऊ देणार नाही."

"तिला मी समजावते. पण आठवडाभर रोज येऊन दाखवायचं."

एवढ्यात मुलगा शाळेतून परतला. गाई, टेंपो आणि रांग ओलांडून यायला त्याला बराच वेळ लागला होता.

"आई, मागच्या फाटकाची किल्ली दे."

"कशाला?"

"मागे गाई उभ्या आहेत. आणि त्यांचे मालक तुझ्यासमोर बसलेत."

मेट्रनबाईंनी बाकाकडे पाहिले. सगळे थर्मामीटर एकदम वरखाली झाले.

त्या शांतपणे उठल्या. "आधी माणसं, मग जनावरं. क्रम बरोबरच आहे," असे म्हणून त्यांनी फाटक उघडले. म्हातारी गाय परसात शिरली, वॉर्डात फेरीला निघालेल्या मेट्रनच्या थाटात चालत गेली आणि वाटेतले गुलाबाचे रोप खाऊन पुढे झाली. तिच्यामागे गाई, गाईंमागे रांग. पाहता पाहता ओटी रिकामी झाली. थर्मामीटर तोंडांतच गेले.

"रांग गाईंची होती तर," सून म्हणाली.

मेट्रनबाई त्या रात्री न जेवता निजल्या.

सकाळी दार वाजले. शिंपीणबाई थर्मामीटर पुसून घेऊन आली होती. ती निघाली, थबकली, मग बाकावर बसली. "बाई, काल बोटांचं म्हणालात ना. ती खरंच आखडतात हो." तिच्यामागे टेंपोवाला, त्याला हातांचे विचारायचे होते. तात्या तर बायकोलाच घेऊन आले. सुनेने दोन रुग्णांमधल्या सवडीत शहरात फोन केला आणि नाही म्हणून कळवले.

सुतारही डोकावला. "फाटक काढायचं ना?"

"कुलूप काढा. फाटक असू द्या. रांग ओसरली तर लागेल."

"लागणार नाही, बाई," तात्या म्हणाले. "आम्ही आपणहून येऊ. फक्त तोंडात काही घालण्याआधी एक वाक्य बोलू देत जा."

मेट्रनबाईंनी यावर उत्तर दिले नाही. काल सांजवाऱ्यात फाटकाशी उभ्या राहून त्यांना शिंका लागल्या होत्या, आणि नुकताच सुनेने त्यांच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला होता.