दौलतराव पायी निघाले

"दौलतरावले नाही चालवलं, तर नाव बदलून टाकीन माहं!" योगिनी सिस्टरनं गावच्या आरोग्य उपकेंद्रात, सोबतच्या वैजयंती सिस्टरसमोर छातीठोकपणे सांगून टाकलं.

आता हे बोलायची काही गरज होती का? पण सहा आठवडे मोबाइलवर ऑनलाइन प्रशिक्षण घेऊन बाई पार फुगली होती. विषय काय, तर रुग्णाला न रागावता चालायला कसं लावायचं! आता परीक्षा तेवढी उरली होती. एका रुग्णाला आठवडाभर चालवायचं, आणि सातव्या दिवशी अकरा वाजता पुण्याच्या मॅडमना व्हिडिओवर दाखवायचं. नाही जमलं, तर सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून!

आणि निवडलं कोणाला? साठीच्या दौलतरावांना! शुगर वाढलेली, पण समोरच्या पानठेल्यावर जायलाही माणूस फटफटी काढायचा.

हुकूम द्यायचा नाही, आवड विचारायची, असं मॅडमनी शिकवलं होतं. योगिनीनं विचारलं, "दौलतरावजी, तुमाले काय आवडते?"

"बसाले."

"बसून काय कराले आवडते?"

"वावरातलं पीक पाहाले."

"मंग वावरात पायी जाऊन बसलं तर?"

दौलतराव सापडले! दुसऱ्या दिवशी निघाले बिचारे पायी. पण दारात फटफटी असलेला माणूस पायी दिसला, की गाव त्याला थोडंच सोडतं? मागून फटफटीवर आलेल्या रामसिंगनं लगेच ब्रेक मारला.

"पायी काहून? बसा मांगं!"

"नाही, चालून राह्यलो."

"कायले?"

दौलतराव नुसतेच हसले. झालं! घरात काहीतरी बिनसलं, हे रामसिंगनं ताडलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, सोजरबाईनं नवऱ्याच्या फटफटीची चाबी काढून घेतली! तिसऱ्या दिवशी मंगरूळपीरहून सोजरबाईचा भाऊ धनराज दोन जाणती माणसं घेऊन भांडण मिटवायला हजर.

सोजरबाई पदर खोचून उपकेंद्रात आल्या. "शिश्टरबाई, तुह्या चालण्यापायी माह्या भावानं मले दोन घंटे समजावलं! अन् चहा बी मीच केला त्याले!"

योगिनीला हसू आवरेना, पण चालणं तर थांबलं होतं. पाहुणे उठेनात, म्हणून दौलतराव उठेनात! शेवटी चौथ्या दिवसापासून ती स्वतःच पहाटे त्यांच्यासोबत चालू लागली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दौलतराव चक्क शीळ घालायला लागले! योगिनीला तर प्रमाणपत्र भिंतीवर दिसायला लागलं.

सातव्या दिवशी मात्र मॅडमसाठी पावणेअकराला निघावं लागलं. योगिनीच्या अंगात पांढरा कोट, हातात बीपीचं यंत्र. मागून गावातल्या सोमलाची सवाऱ्यांनी भरलेली जीप आली.

"अरे बापा! दौलतराव, अन् संगं शिश्टर? म्हंजे सीरियस हाय!"

जीपमधल्या चौघांनी दौलतरावांना अल्लाद उचललं.

"अबे, सोडा मले!"

"बोलू नका, दम लागन!"

योगिनी ओरडतेय, पण ऐकतो कोण? तिलाही आत घेतलं आणि जीप थेट कामरगावच्या दवाखान्यात! दौलतराव स्ट्रेचरवर पडायला आणि मॅडमचा व्हिडिओ फोन वाजायला एकच गाठ.

"सिस्टर, तुमचे रुग्ण कुठे आहेत?"

योगिनीनं फोन पटकन भिंतीकडं वळवला. स्ट्रेचर दाखवावं, तर सहा आठवडे पाण्यात! तेवढ्यात दौलतराव उडी मारून उतरले. "कोनाच्या बी गाडीत बसत नाही मी आता! पायीच जातो गावाले!" आणि तरातरा फाटकाबाहेर!

योगिनी फोन धरून मागं धावली. मॅडम तर खूशच! "वा! चालायची काय ही ओढ! सिस्टर, तुम्ही पास!"

योगिनीला आनंदानं नाचावंसं वाटलं. पण गाव चार किलोमीटर. अर्ध्यातच चप्पल चावायला लागली. दौलतराव पुढं शीळ घालत चाललेले. सोमलाची जीप शेजारी आली.

"बसता काय, शिश्टर?"

योगिनीनं इकडंतिकडं पाहिलं आणि टुणकन आत बसली. "घे लवकर, सोमलाभाऊ! पाय गेले माहे! कोनं सांगतलं हे चालाचं लफडं!"

आनंदाच्या भरात फोन बंद करायचा राहूनच गेला होता! मांडीवरच्या फोनमधून मॅडमचा आवाज आला, "योगिनी सिस्टर, हा गाडीचा आवाज कुठून येतोय?"

योगिनीनं झटकन कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला.

"योगिनी? ते तर पायी गेली, मॅडम! मी वैजयंती बोलतो!"